फिजिक्स दर वेळी तिसऱ्या प्रकरणात अडतंय? आधी अडलेली ओळ शोधा

तक्रार बहुतेकांची एकच असते, म्हणून आधी तीच लिहिते. वय पस्तीस-चाळीस. कधीतरी मनात येतं की फिजिक्स शिकायचंच. अकरावीचं पुस्तक येतं, कोरी वही येते. एककं आणि मोजमापं कशीबशी होतात. मग गतीचं प्रकरण सुरू होतं आणि एका सोडवलेल्या उदाहरणात चौथ्या ओळीवरून पाचवी ओळ कशी आली तेच कळत नाही. 'आपला पायाच कच्चा' असं म्हणून माणूस थेट पाचवीच्या गणिताला हात घालतो. तीन आठवडे लसावि-मसावि. मग मार्च एंड येतो, नाहीतर घरात लग्न निघतं, आणि वही माळ्यावर जाते. पुढच्या वर्षी पुन्हा नवी वही.

माझ्याकडे अशा चार वह्या आहेत. चारींची पहिली पंधरा पानं मोत्यासारख्या अक्षरात, पुढे सगळा कोरा कागद.

मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब बघते. बी.कॉम. झालंय, सायन्सशी संबंध दहावीला संपला. पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) करताना इतके रवे (गुळाच्या ढेपा), इतकं वजन, हमाली वजा, तोलाई वजा, हातात किती, हे कॅल्क्युलेटर न उघडता सांगते. त्यामुळे माझं गणित चांगलं आहे हा माझा ठाम समज होता. तो चुकीचा निघाला. हिशेब पक्का होता, गणित कच्चं होतं. हिशेबात आकडे समोर असतात आणि उत्तर काढायचं असतं. फिजिक्समध्ये आकडे शेवटी येतात, तोवर अक्षरांनाच इकडून तिकडे न्यायचं असतं. हा फरक कळायला मला तीन वह्या लागल्या.

फिजिक्सचं खूळ आमच्या कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवातून शिरलं. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या पायांपासून वर चढत जातात. लहानपणापासून गर्दीत उभं राहून बघितलेलं. एका वर्षी सहज वाटलं, सूर्य खाली चाललाय तर उजेड वर कसा चढतो? आणि हेच दिवस का? सोबतच्या काकू म्हणाल्या, "देवीची लीला." ते आहेच. पण मला त्याशिवायचंही उत्तर हवं होतं.

पहिल्यापासून सुरुवात करू नका

पाया कच्चा म्हणजे घर पाडून पुन्हा बांधायचं असं नसतं. गळती कुठे आहे ते बघायचं, तेवढ्याच फरश्या काढायच्या. आपण शाळेत दहा वर्षं गणित केलेलं असतं, त्यातलं बरंच शाबूत असतं. भोकं पाच-सहा असतात आणि दर वेळी पाय त्याच भोकात जातो. पाचवीपासून सुरुवात केली की येत असलेल्या गोष्टींवरच महिनाभर जातो, आणि खऱ्या भोकापर्यंत पोचायच्या आत उत्साह संपतो. माझ्या तीन वह्या अशाच गेल्या.

चौथ्या वेळी उलटं केलं. फिजिक्सचं पुस्तक बंद केलंच नाही. त्यातलंच एक सोडवलेलं उदाहरण घ्यायचं आणि त्यावर जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा ठेवायचा. पुठ्ठा एक ओळ खाली सरकवायचा. पुढची ओळ काय असेल ते आधी स्वतः लिहायचं, मग बघायचं. जुळली तर पुढे. जुळली नाही, किंवा जुळली पण का जुळली ते तोंडाने सांगता येईना, तर समासात फुली. इथे स्वतःशी खोटं बोलायचं नाही. 'हां हां, कळलं' असं म्हणत मान डोलवली की झालं वाटोळं. व्हिडिओ बघताना नेमकं हेच होतं. समोरचा इतका गोड समजावतो की प्रत्येक ओळ आपल्यालाच सुचल्यासारखी वाटते.

आठवडाभराच्या फुल्या एकत्र बघितल्या. मला वाटत होतं मी फिजिक्समध्ये अडते. फुल्या मात्र जवळजवळ सगळ्या सातवी ते नववीच्या गणितावर होत्या, आणि त्याही त्याच त्या दोन-तीन जागी.

मग सातवी, आठवी, नववीची गणिताची पुस्तकं आणायला महाद्वार रोडला गेले. दुकानदाराने विचारलं, "पोरगी कितवीला?" मी म्हटलं, "सातवीला." तो म्हणाला, "मग आठवी-नववीची आत्ताच कशाला?" मी म्हटलं, "हुशार आहे." मला मुलगी नाही. ही लाज वाटत असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. मी कागदावर पेन्सिल चालवल्याशिवाय काही डोक्यात न जाणाऱ्यांपैकी, म्हणून विकतच आणली.

आता भोकं. माझी होती तीच लिहिते. तुमची थोडी वेगळी असतील, पण फार नाही.

सूत्र फिरवताना काहीतरी भलतंच येतं

हे सगळ्यात मोठं. गतीचं तिसरं समीकरण घ्या, पोरं 'व्ही स्क्वेअर इज इक्वल टू यू स्क्वेअर प्लस टू ए एस' असं म्हणत फिरतात ते. मराठीत मांडलं तर:

शेवटच्या वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × अंतर

उदाहरण असं होतं: गाडी सेकंदाला २० मीटर वेगाने चाललीय, ब्रेक लावल्यावर त्वरण (दर सेकंदाला वेगात होणारा बदल) वजा ५. किती अंतरात थांबेल? म्हणजे अंतर एकटं करायचं. बारावीतला पुतण्या शेजारीच होता. म्हणाला, "आत्या, सोप्पंय, बाजू बदलली की चिन्ह बदलतं." मी इमानदारीत सगळं पलीकडे नेलं आणि प्रत्येकाचं चिन्ह बदललं:

अंतर = शेवटच्या वेगाचा वर्ग − सुरुवातीच्या वेगाचा वर्ग − २ × त्वरण

आकडे घातले. ० − ४०० + १० = वजा ३९० मीटर. ब्रेक लावल्यावर गाडी पाव मैल मागे गेली.

'बाजू बदलली की चिन्ह बदलतं' हे वाक्य शाळेतून सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, आणि माझ्या मते अर्ध्या लोकांचं बीजगणित त्यानेच बिघडवलंय. ते बेरीज-वजाबाकीपुरतं चालतं. गुणाकार पलीकडे जाताना वजा होत नाही, भागाकार होतो. पण मुळात पलीकडे काही जातच नाही. आमच्याकडचा जुना काटा आठवा. दोन्ही पारडी सम असतील तर एका पारड्यातून जेवढं काढाल तेवढंच दुसऱ्यातून काढायचं. एक पारडं निम्मं केलं तर दुसरंही निम्मं. समीकरण म्हणजे एवढंच. 'नेलं', 'आणलं' हे शब्द मी वहीतून हद्दपार केले. त्यांच्या जागी 'दोन्हीकडून काढलं', 'दोन्हीकडे भागलं' असं पूर्ण लिहायला लागले.

आता आधी काय काढायचं? टेम्पो भरताना शेवटी चढवलेला रवा आधी उतरतो. इथे अंतरावर काय काय चढलंय ते बघा: आधी ते २ × त्वरणने गुणलं, मग त्यात वेगाचा वर्ग मिळवला. म्हणून उतरवताना आधी वेगाचा वर्ग दोन्हीकडून काढायचा, मग दोन्हीकडे २ × त्वरणने भागायचं:

अंतर = (शेवटच्या वेगाचा वर्ग − सुरुवातीच्या वेगाचा वर्ग) ÷ (२ × त्वरण)

(० − ४००) ÷ (−१०) = ४० मीटर. आणि आता ताळा. हिशेबातली ही सवय फिजिक्समध्ये सोन्यासारखी उपयोगी पडते. ४० परत मूळ सूत्रात घाला: ४०० + २ × (−५) × ४० = ४०० − ४०० = ०. गाडी थांबली, ताळा जमला.

यासाठी आठवीतली एका चलाची समीकरणं पुरतात. मी रोज सकाळी नळाला पाणी येण्याआधी दहा सूत्रं फिरवायचे, फक्त फिरवायची, आकडे घालायचे नाहीत. त्यांचा अर्थ माहीत नसला तरी चालतं. पंधरा दिवसांत हात बसला.

चिन्हामुळे उत्तर तिप्पट येतं

माझ्यासारख्यांना वजा म्हणजे नावे, अधिक म्हणजे जमा. बेरीज-वजाबाकीला हे छान चालतं. गुणाकारालाही चालवता येतं. खात्यावर पाचशे-पाचशेच्या तीन चुकीच्या नावे नोंदी पडल्यात आणि त्या तिन्ही काढून टाकल्या, तर खात्यात पंधराशेचा फायदा. वजा तीन गुणिले वजा पाचशे बरोबर अधिक पंधराशे. 'ऋण गुणिले ऋण धन' हे मी शाळेत मुकाट पाठ केलं होतं. का, ते असं चुकदुरुस्ती करताना कळलं.

घोटाळा पुढे होतो. फिजिक्समधलं वजा म्हणजे नुकसान नसतं, दिशा असते. चेंडू सेकंदाला २० मीटरने वर फेकला. दोन सेकंदांत किती उंच? गुरुत्वाचं त्वरण सोयीसाठी १० धरू. सूत्र असं: अंतर = सुरुवातीचा वेग × वेळ + निम्मे × त्वरण × वेळेचा वर्ग. मी त्यात सरळ १० घातले: २० × २ + निम्मे × १० × ४ = ४० + २० = ६० मीटर. साठ मीटर म्हणजे वीस मजली इमारत. तीही हाताने फेकलेल्या चेंडूने. वर ही दिशा अधिक धरली असेल तर खाली ओढणारं त्वरण वजा १० घ्यायलाच हवं. मग ४० − २० = २० मीटर. हे पटण्यासारखं आहे.

उपाय रटाळ आहे पण लागू पडतो. प्रत्येक उदाहरणाच्या डोक्यावर एक बाण काढायचा आणि लिहायचं, 'ही दिशा अधिक'. मग प्रत्येक राशीला त्या बाणाशी ताडून चिन्ह द्यायचं आणि उदाहरण संपेपर्यंत बाण बदलायचा नाही. खाली ही दिशा अधिक धरली तरी चालते, फक्त मग सुरुवातीचा वेग वजा २० आणि त्वरण अधिक १० होईल.

चढ, वेग, त्वरण: हे कोल्हापूरकराला शिकवायला नको

आलेख आला की माझा जीव जायचा. 'आलेखाचा चढ म्हणजे वेग' हे वाक्य मी वीस वेळा वाचलं असेल. शेवटी ते पुस्तकातून नाही, पंचगंगेतून कळलं.

जुलै-ऑगस्टात आपण सगळे काय करतो? राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. पण फक्त पातळी ऐकून कुणाचं समाधान होत नाही. "छत्तीस फूट" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "तासाला किती वाढतंय?" आणि त्याचं उत्तर आलं की तिसरा प्रश्न: "वाढ कमी आलीय का?"

हे तीन प्रश्न म्हणजे गतीचं अख्खं प्रकरण आहे. समजा सकाळी ६ वाजता ३६ फूट, ८ वाजता ३६ फूट ८ इंच, १० वाजता ३७ फूट. पातळी म्हणजे स्थान. पहिल्या दोन तासांत ८ इंच वाढलं, म्हणजे तासाला ४ इंच. पुढच्या दोन तासांत ४ इंच, म्हणजे तासाला २ इंच. हा वेग. आणि वेगच दोन तासांत ४ वरून २ वर आला, म्हणजे दर तासाला १ इंचाने घटला. हे त्वरण, आणि ते वजा आहे.

पाणी मात्र वाढतंयच! दहा वाजता ते आठपेक्षा वरच आहे. वेग अधिक, त्वरण वजा, दोन्ही एकाच वेळी. पुस्तकात हे वाचताना माझं डोकं फिरायचं, की वजा त्वरण असून वस्तू पुढे कशी जाते. आणि इकडे दर पावसाळ्यात दुकानातले हमालसुद्धा म्हणतात, "ताई, पाणी वाढालंय, पण आता वाढ कमी आलीया." गावातली शाहू मैदानाकडची कुठलीही टपरी घ्या, तिथे त्या आठवड्यात त्वरणावर चर्चा चाललेली असते, फक्त त्याला त्वरण म्हणत नाहीत.

आणखी एक गाठ इथेच सुटली. त्वरणाचं एकक 'मीटर प्रति सेकंद वर्ग'. सेकंदाचा वर्ग म्हणजे काय? शाळेत वर्ग असतो, संख्येचा वर्ग असतो, सेकंदाचा कसला? तसा काही प्रकारच नाही. वर आपण 'इंच प्रति तास, दर तासाला' असं म्हटलं ना, तेच. 'प्रति सेकंद' दोनदा आलंय, लिहिताना एकत्र केलंय, बस.

हेच घरी करा. चौकटीच्या वहीत आडवं तास, उभी पातळी. ठिपके जोडा. रेघ जिथे खडी तिथे पाणी जोरात चढतंय, जिथे पालथी पडायला लागली तिथे वाढ मंदावली, जिथे आडवी झाली तिथे पाणी स्थिर, पुढे उतार. आता दोन तासांऐवजी दहा-दहा मिनिटांच्या नोंदी मिळाल्या तर 'आत्ता, या क्षणी' वाढ किती याच्या आणखी जवळ जाता येईल. मिनिटाच्या मिळाल्या तर आणखी जवळ. हे जवळ जात राहणं म्हणजेच अवकलन. पुढच्या प्रकरणांत ते येतं तेव्हा घाबरू नका, राजाराम बंधारा आठवा.

दुप्पट केलं तर चौपट का होतं

बाजारात सगळं सरळ प्रमाणात चालतं. एका क्विंटलला इतके, तर सात क्विंटलला किती. त्रैराशिकावर आयुष्य निघतं. त्यामुळे हात आपोआप 'दुप्पट तर दुप्पट' असं लिहितो. फिजिक्समध्ये वर्ग जागोजागी भेटतो.

याला गुंठा हे औषध. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. आता बाजू दुप्पट करा: ६६ बाय ६६, म्हणजे ४३५६ चौरस फूट. दोन गुंठे नाही, चार. जागेचा व्यवहार करताना ही चूक आपण करणार नाही, कारण तिथे पैसे जातात. मग वरच्या ब्रेकच्या उदाहरणाकडे परत जा. सेकंदाला २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, थांबायला ४० मीटर लागले. वेग निम्मा केला, ताशी ३६, तर? (० − १००) ÷ (−१०) = १० मीटर. निम्मे नाही, पाव. वेगाचा वर्ग आहे म्हणून. हायवेला हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, फिजिक्स नाही शिकलात तरी.

किरण वर का चढतात

त्रिकोणमितीला मी सगळ्यात घाबरत होते आणि तिथेच सगळ्यात कमी त्रास झाला. सुरुवातीला लागतं ते नववीतलं. काटकोन त्रिकोणात टॅन म्हणजे कोनाच्या संमुख बाजूला लगतच्या बाजूने भागायचं. म्हणजे 'इतकं आडवं गेल्यावर किती उभं' याचा भाव. क्विंटलचा भाव असतो तसा कोनाचा भाव. साइन आणि कॉसही भावच, फक्त भागाकारात कर्ण येतो.

आमच्या घराचं दार पश्चिमेला आहे. चौकट सात फूट उंच, समोरची भिंत बारा फुटांवर. सूर्य क्षितिजापासून २० अंश वर असताना चौकटीच्या वरच्या कडेला लागून येणारा किरण भिंतीपर्यंत जाताना किती खाली येईल? १२ × टॅन २०. टॅन २० म्हणजे ०.३६४, म्हणून सुमारे ४.३७ फूट. सातातून गेले, उजेड भिंतीवर २.६३ फुटांपर्यंत. सूर्य १० अंशांवर आला की टॅन ०.१७६, किरण फक्त २.१२ फूट उतरतो, उजेड ४.८८ फुटांवर. म्हणजे सूर्य दहा अंश खाली गेला आणि उजेड सव्वादोन फूट वर चढला. थंडीत एका संध्याकाळी भिंतीवर पेन्सिलने खुणा करत बसले. सासूबाईंनी बघितलं आणि काही न बोलता आत गेल्या.

देवळात अंतर कितीतरी जास्त आहे, उंची वेगळी आहे, वाटेत अडथळेही येतात. पण सूर्य खाली तर उजेड वर, याचं कारण हेच.

आणि तेच दिवस का? सूर्य दक्षिणेकडे सरकत २१-२२ डिसेंबरला टोकाला जातो आणि परत फिरतो. कॅलेंडर घेऊन मोजा. १० नोव्हेंबरपासून २२ डिसेंबरपर्यंत ४२ दिवस. २२ डिसेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ४१. जाताना ज्या जागी मावळला, परतताना जवळपास त्याच जागी मावळतो. हे मोजायला गणित काहीच लागलं नाही, फक्त बोटं. तरी ज्या दिवशी ते जुळलं त्या दिवशी मी दुकानात दोन पट्ट्या चुकवल्या.

छोट्या कुरबुरी

मोठमोठे घात दिसले की कॅल्क्युलेटर शोधू नका. लाख म्हणजे १०चा ५वा घात, कोटी म्हणजे ७वा. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, सूर्य सुमारे पंधरा कोटी किलोमीटरवर. पंधरा कोटी म्हणजे पंधराशे लाख, भागिले तीन लाख, ५०० सेकंद. आठ मिनिटं वीस सेकंद. देवळात दिसणारा किरण आठ मिनिटांपूर्वी निघालेला असतो.

एककांत गोंधळ होत असेल तर एकक आकड्यासारखंच लिहा, काटा, गुणा. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक विसर्ग, अशी बातमी दर वर्षी येते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर, म्हणजे सेकंदाला चाळीस हजार लिटर. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्या एका दरवाजातून तेवढं जायला किती वेळ? तासाला १४२८ × ३६०० म्हणजे सुमारे ५१ लाख घनफूट, म्हणून जवळपास १९५ तास, आठ दिवस. पेपर वाचता वाचता असं एखादं करत जा.

मराठी माध्यमवाल्यांना भाषेचा वेगळा फटका बसतो. दहावीपर्यंत चाल, वेग, त्वरण, संवेग. अकरावीत एकदम स्पीड, व्हेलॉसिटी, अ‍ॅक्सिलरेशन, मोमेंटम. वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लिहून ठेवा. बोलताना आपण बल, जोर, ताकद, शक्ती सगळं एकच म्हणतो. तिथे बल वेगळं आणि शक्ती वेगळी. शक्ती म्हणजे काम किती वेगाने झालं ते. रवा माडीवर नेणारे दोन हमाल काम सारखंच करतात. जो लवकर नेतो त्याची शक्ती जास्त.

आणि एखादी पायरी बरोबर की चूक कळत नसेल तर पुस्तक उलगडत बसू नका, अक्षरांच्या जागी साधे आकडे घाला. दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग म्हणजे दोघांच्या वर्गांची बेरीज का? ३ आणि ४ घ्या. बेरीज ७, वर्ग ४९. वर्ग वेगवेगळे केले तर ९ आणि १६, बेरीज २५. नाही. दोन सेकंदांत निकाल. ही चूक मी निदान तीसेक वेळा केली असेल, आणि दर वेळी ती मला अगदी बरोबर वाटत होती.

सध्या मी तिरक्या फेकलेल्या चेंडूवर आहे. परवा पुठ्ठा सरकवताना पुन्हा अडले. पुस्तकात कोनाच्या दुपटीचा साइन होता, मी साइनची दुप्पट लिहिली होती. आकडा घालून बघितला. ३० अंशांच्या साइनची दुप्पट १, पण ६० अंशांचा साइन ०.८६६. म्हणजे माझी ओळ चुकली हे नक्की, पण पुस्तकातली कुठून आली ते अजून कळलेलं नाही. समासात फुली आहे. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, "आत्या, ते फॉर्म्युलाच आहे, पाठ कर." त्याला सांगितलं, रविवारी वही घेऊन बस, दोघं मिळून काढू.